ड्रेसच्या आतल्या चार टिपा

"आई, आत्या उड्या मारत जेवते," भिंगरीनं मला सांगितलं, तेव्हा मी तिच्यासाठी द्राक्षं चिरत होते. एकेका द्राक्षाचे चार तुकडे. लहान मुलांच्या घशात गोल वस्तू अडकतात, हे मी तिच्या जन्माआधीच वाचून ठेवलं होतं.

"आत्या तुला हसवत असेल."

"नाही. ती हसत नाही. हात वर करते, उडी मारते, मग पाणी पिते."

"बरं. तोंड उघड."

तीन वर्षांची पोर ती. आदल्याच दिवशी तिला पलंगाखाली हत्ती दिसला होता. मी आत्याला हत्तीच्या शेजारी बसवलं आणि विसरून गेले.

आत्या म्हणजे माझी थोरली नणंद, आम्हा सगळ्यांची ताई. कपडे अल्टर करायचं काम त्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन. मी ऑफिसात, नवरा कामावर, म्हणून भिंगरी दिवसभर त्यांच्याकडे. संध्याकाळी तिला भरवायच्या त्याही ताईच, आणि भरवणाऱ्यानं शेवटी जेवायचं, हा आमच्या घरात कुणी न ठरवता पडलेला नियम. आम्ही दोघं जेवून उठायचो, मग ताई ताट घेऊन स्वयंपाकघरात एकट्या. तासभर.

"निघाली ताईची मालगाडी," नवरा बाहेरून म्हणायचा. "आता प्रत्येक स्टेशनात पाणी भरणार."

"तुझ्यासारखं बकाबका गिळत नाही रे मी," ताई आतून ओरडायच्या. "दात दिलेत देवानं, ते वापरते."

आम्ही हसायचो. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच यायचा. ताटातलं निम्मं झाकून ठेवायच्या, 'सकाळी खाईन' म्हणायच्या. माझ्या हातचं आवडत नाही, असं मी मनात धरून बसले होते. आणि एकदा भिंगरीला भरवताना त्यांना जोराचा ठसका लागला, तेव्हा मी काय केलं? वाटी उचलून पलीकडे ठेवली. "सर्दी असेल तर दोन दिवस मीच भरवते हिला," म्हणाले. ताईंनी काही मनाला न लावून घेतल्यासारखं तोंड पुसलं आणि मशीनवर जाऊन बसल्या.

माणूस वाळतंय हे आपल्याला आधी कपड्यांवरून कळतं. खांदे ओघळतात, कंबर ढगळ होते. ताईंचा एकही ड्रेस कधी ढगळ दिसला नाही.

भिंगरीनं सांगितल्याला दोन वर्षं होत आली होती. एका रविवारी इस्त्री करताना मी ताईंचा निळा ड्रेस उलटा केला. बगलेपासून खाली शिवणीला समांतर एक टीप होती. तिच्या आत दुसरी. तिच्या आत तिसरी, मग चौथी. सरळ, सारख्या अंतराच्या, गिऱ्हाइकाच्या कपड्याला घालाव्यात तशा. मी त्यांचं कपाट उघडलं. एकूण एक ड्रेस तसाच. सगळ्यात बाहेरच्या टिपेत त्यांची जुनी मापं होती, सगळ्यात आतलीत एखाद्या शाळकरी मुलीची.

त्या दुपारी मी त्यांच्यासमोर ताट घेऊन बसले.

"तू जा गं, भिंगरीकडे बघ."

"तिच्याकडे तिचा बाप बघतोय. मी तुमच्याकडे बघणार आहे."

तिसऱ्या घासाला त्या थांबल्या. हात गळ्यावर नाही, छातीच्या मधोमध गेला. पाणी प्यायल्या. मग चोरी पकडल्यासारखं माझ्याकडे बघत उठल्या, दोन्ही हात वर केले आणि घास खाली उतरवायला उडी मारली. भिंगरीनं सांगितली होती तश्शीच.

शेजारच्या दवाखान्यात त्या एकट्याच तीनदा जाऊन आल्या होत्या, हे तेव्हा कळलं. वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या खात होत्या. मग आम्ही त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं खडूच्या पाण्यासारखं औषध पाजून एक्स-रे काढले, नाकातून बारीक नळी घालून आतला दाब मोजला. डॉक्टरीणबाईंनी अन्ननलिकेचा फोटो दाखवला: वर फुगलेली पिशवी, खाली पक्ष्याची चोच.

"याला अकॅलेशिया म्हणतात. वर्षाला लाखात एखाद्याला होतो. अन्ननलिका घास खाली ढकलते आणि तळाची झडप उघडते, हे ज्या चेतापेशी करतात त्या मेल्यात."

"कशानं?" नवऱ्यानं विचारलं.

"नक्की कुणालाच माहीत नाही. एखाद्या विषाणूनंतर शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटतं, असा संशय आहे. त्यावर संशोधन चालू आहे. पण मेलेल्या पेशी परत आणणारं औषध आज नाही. झडप मोकळी करणं हातात आहे. फुग्यानं ताणता येते, पोटाकडून शस्त्रक्रिया करता येते, नाहीतर तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच स्नायू कापायचा. बाहेर एक टाका नाही."

"म्हणजे आतलं काम," ताई म्हणाल्या. "बाहेरून कुणाला कळत नाही. मला येतं ते."

बाई हसल्या, मग फोटोकडे बघून थांबल्या. "अन्ननलिका खूप सैल झालीय, वाकलीय. झडप उघडून आराम पडेल, पण किती ते सांगवत नाही. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर ही एवढी सैल नसती."

दोन वर्षांपूर्वी मी द्राक्षं चिरत होते.

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "ताई, मला का नाही सांगितलंत?"

"तुला? अगं, पोरीला शिंक आली तरी तू थर्मामीटर शोधतेस. माझ्या छातीत घास अडकतो म्हटलं असतं, तर ठेवली असतीस तिला माझ्याकडे?"

ठसक्याच्या दिवशी मी वाटी उचलली होती, ती दोघींनाही आठवत होती.

त्यांनी तोंडावाटेचीच शस्त्रक्रिया करून घेतली. संशोधनासाठी आतल्या स्नायूचा तुकडा ठेवू का, असं बाईंनी विचारलं, तर सही करत म्हणाल्या, "कापणारच आहात तर चिंधी तुमची."

आता ताई आमच्याबरोबर जेवतात. सगळ्यांच्या आधी वाढून घेतात, शेवटी उठतात. मऊ भात उतरतो. पावाचा कडक तुकडा अजून नाही. ताठ बसावं लागतं, अधूनमधून पाणी लागतं, आणि दरवर्षी दुर्बिणीनं तपासावं लागणार. अन्ननलिकेत पुन्हा अन्न साचायला लागलं तर ती काढूनच टाकावी लागेल, असं बाईंनी लपवलेलं नाही. मालगाडीचा विनोद घरात कुणी करत नाही. परवा ताईंनीच केला, तर नवरा उठून गॅलरीत गेला. भिंगरी मात्र विचारते, "आत्या, आज उडी?" त्या म्हणतात, "आज सुट्टी." मग मी घड्याळाकडे न बघता त्यांचे घास मोजते.

निळ्या ड्रेसची सगळ्यात आतली टीप त्यांनी अजून उसवलेली नाही. मी विचारत नाही.

तुमच्याही घरी कुणीतरी सगळ्यांच्या नंतर जेवत असेल. आज जेवून उठू नका. त्यांच्यासमोर बसा, आणि त्यांचा शेवटचा घास उतरेपर्यंत बघा.