डाव्या डोळ्याचं घराणं

सांगलीच्या रायफल रेंजवरून नेमबाजी शिकवणाऱ्या आम्रपाली मॅडमचा फोन आला, तेव्हाच धनाजी हवालदारांनी ओळखलं. जिल्ह्याची निवड पुढच्या महिन्यावर आली होती, आणि त्यांच्या लेकीचे, क्रांतीचे, छर्रे काळा गोल सोडून भलतीकडेच जात होते. पोरीचं नाव कापणार, दुसरं काय!

आष्ट्याहून लेकीला घेऊन येताना एसटीत ते जुनंच उगाळत होते. पलटणीत त्यांची गत हीच झाली होती. उजव्या डोळ्यानं नेम धरायचा, तर डावा काही केल्या मिटायचा नाही आणि एका निशाण्याची दोन दिसायची. उस्ताद ओरडून ओरडून थकला. शेवटी त्यांना ट्रक चालवायला बसवलं, आणि अख्खी नोकरी तिथंच गेली. तोच अधू डोळा लेकीला दिला, हे त्यांना आतून खात होतं.

मॅडमनी क्रांतीला दोन्ही हात पुढं ताणून पंजांत छोटी खिडकी करायला लावली.

"दोन्ही डोळे उघडे ठेव आणि यातनं माझं नाक बघ."

क्रांतीनं बघितलं. मॅडम हसल्या. "मला तुझा डावा डोळा दिसतोय. नेम धरणारा मुख्य डोळा डावा, आणि आपण रायफल देतोय उजव्या खांद्याला."

"म्हंजी अधू न्हाई?" धनाजींनी विचारलं.

"अजिबात नाही, काका."

"पर आमच्या मुलखात असं नसतंय. पलटणीत म्हणायचे, डाव्या डोळ्यानं नेम धरणं डोंगराकडच्या पोरांचं."

"मुलखामुलखात थोडं कमीजास्त असेलही. पण असतो सगळ्यांत. माझाही डावाच आहे. तुम्ही करा बघू खिडकी."

धनाजींनी हात ताणले. मॅडमनी त्या खिडकीतनं बघितलं.

"काका, तुमचाही डावाच की."

धनाजींनी खिडकी पुन्हा करून बघितली. इतक्या वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

क्रांतीनं रायफल डाव्या खांद्याला लावली. सुरुवातीचे छर्रे भरकटले, मग एक काळ्यात बसला. मॅडम म्हणाल्या, "नाव राहू दे. महिनाभर डाव्यानं घासू."

क्रांती वडिलांकडं वळली. "आण्णा, तुमी बी धरून बघा की."

धनाजींनी रायफल डाव्या खांद्याला टेकवली. उजवा डोळा न सांगता मिटला. समोर निशाणा एकच होता.