काढून टाकलेलं हसू

कात्रीबाईंनी आणखी एक बातमीपत्र लावलं, हेडफोन कानांवर दाबून शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. यातही नव्हतं.

"नसेल तर राहू द्या, मावशी," समोरची मुलगी म्हणाली. पण जागची उठली नाही.

तिची आई सरहद्दीपलीकडची वार्ताहर. मुलीला आजीजवळ ठेवून ती वर्षानुवर्षं तिकडून बातम्या पाठवत राहिली, आणि गेल्या महिन्यात पुरात अडकलेल्या वस्तीकडे होडीतून गेली ती परतलीच नाही. उद्या संस्थेच्या सगळ्या केंद्रांवरून तिच्या आठवणींचा कार्यक्रम जायचा होता. संस्था म्हणजे तरी काय, चार-पाच देशांतली चिमुकली रेडिओ केंद्रं. ना कुठल्या सरकारची, ना कुठल्या शेटजीची. एकमेकांच्या बातम्या आणि गाणी आपापल्या भाषेत ऐकवायची, एवढाच उद्योग.

"हा तिचा बातम्यांचा आवाज झाला," मुलगी म्हणाली. "घरी ती अशी बोलायची नाही. मला तिचं हसणं आठवेनासं झालंय. तेवढं एक द्या."

कात्रीबाईंनी हेडफोन काढून ठेवला. त्यांना हे नाव उगाच पडलं नव्हतं. आलेल्या आवाजावर दुसऱ्या भाषेतला आवाज चढवायचा, म्हणून तो आधी लख्ख करायचा. खोकला, उसासा, अडखळणं, सगळं छाटायचं. ही बाई तर हटकून पहिल्याच वाक्याला अडखळायची आणि स्वतःलाच हसत सुटायची. जित्याची खोड! दोघी एकदाही भेटल्या नव्हत्या, पण ते हसणं ऐकून कात्रीबाईही एकट्याच हसायच्या, मग ते कापायच्या आणि छाटलेला केर त्याच दिवशी पुसून टाकायच्या. कामात चोख म्हणून त्यांचा लौकिक होता. आज त्या चोखपणाची त्यांना चीड आली.

"नाहीये गं. मीच काढलं. दर वेळी."

मुलीनं बोटातली अंगठी एकदा फिरवली.

"मग उद्याच्या कार्यक्रमातलं माझं बोलणं तरी उरकून घेऊ," ती म्हणाली.

काचेपलीकडच्या खोलीत ती माईकसमोर बसली. लाल दिवा लागला.

"माझी आई दूरच्या माणसांची गाणी... गाऱ्हाणी... अगं बाई, सुरुवातीलाच!"

डोळ्यांत पाणी असताना ती हसली. आधी नाकातल्या नाकात, मग एकदम मोकळी.

कात्रीबाईंचा हात बटणावरच थांबला. त्यांनी तिला खुणेनं अलीकडे बोलावलं, स्वतःचा हेडफोन तिच्या कानांवर चढवला आणि तेवढाच तुकडा लावला.

"हे तर माझंच, मावशी. चुकलंय ते. काढून टाका ना."

"अशीच हसायची," कात्रीबाई म्हणाल्या.

मुलीनं हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डोळे मिटले.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.