दोघी जावांची चामवे

"न्या ते चामवे इथून. वासानं मळमळतंय मला."

हॉस्पिटलच्या खाटेवर ओकबुननं तोंड भिंतीकडे फिरवलं. मालसुनच्या हातातली सुरी थबकली. पिवळ्या सालीची लांब पट्टी तिच्या मांडीवरच्या रुमालावर लोंबत होती आणि आतला पांढराशुभ्र गर उघडा पडला होता. चामवे म्हणजे मुठीएवढं पिवळं खरबूज; हे मोसमातलं पहिलं फळ. सकाळी तिनं ते ओकबुनच्या पॉलिहाऊसमधून तोडलं होतं आणि तेगू शहराच्या बसमध्ये, थंडी लागू नये म्हणून, कोटाच्या आत धरून आणलं होतं.

"तुझ्याच वेलाचं आहे गं," ती म्हणाली. "म्हटलं, निदान चव तरी घेशील."

"माझ्या वेलाचं म्हणून काय झालं?" ओकबुन तशीच भिंतीकडे बघत म्हणाली, "जाऊबाई, खरं सांगू? मला चामवे कधीच आवडलं नाही."

"काहीतरीच!"

"नवी नवरी होते तेव्हापासून. सासूबाई फुटकी-तडकलेली पुढ्यात टाकायच्या. नाही कोण म्हणणार त्यांना?"

"त्या गेल्याला किती वर्षं झाली. मग रोज दुपारी बांधावर बसून माझ्याबरोबर खायचीस, ते गं?"

"तुम्ही कापून द्यायच्या ना."

मालसुनला हसू आलं. ओकबुनही हसायला गेली, पण पोटात कळ आली आणि तिनं चादर मुठीत धरली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "तिला नको तर मला द्या हो. वास काय सुटलाय!" मालसुननं फोडी केल्या, बियांसकट, आणि त्या बाईला दिल्या. स्वतः एकही खाल्ली नाही.

सोंगजू भागातल्या एका गावात दोघी एकाच घरात सुना म्हणून आल्या होत्या. थोरल्याची मालसुन, धाकट्याची ओकबुन. थोरला दारूनं गेला, धाकटा ट्रॅक्टरखाली. मालसुनला मूलबाळ नव्हतं. ओकबुनला एकच मुलगा, गिह्वान. तो उल्सानला जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होता. उरल्या दोघी आणि लगतची पॉलिहाऊसं. थंडीत रोपं लावायची, गुडघ्यांवर बसून वेलांचे शेंडे खुडायचे, मधमाश्यांच्या पेट्या आत ठेवायच्या, फळ पिवळं झालं की तोडायचं. उन्हाळ्यात आत इतकं उकडायचं की दोघी डोक्यावर ओला टॉवेल टाकून काम करायच्या. भांडणंही तिथेच व्हायची. एकदा पाण्याच्या पाळीवरून महिनाभर बोलणं बंद होतं. पण त्या महिन्यातही दुपारच्या जेवणाला दोघी एकाच बांधावर बसत, एकमेकींकडे पाठ करून.

यंदा रोपं लावून झाली आणि ओकबुनचे डोळे पिवळे पडले. तेगूच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाचं नाव घेतलं आणि उशीर झाला, एवढंच सांगितलं.

तेव्हापासून मालसुन दोघींचं शेत बघत होती. ऊन वर आलं की पॉलिहाऊसच्या आतली जाड पांघरुणं गुंडाळायची, म्हणजे वेलांना उजेड मिळतो. मग बस पकडून तेगूला. दुपार कलायच्या आत परत, कारण सूर्य डोंगराला टेकण्याआधी ती पांघरुणं पुन्हा ओढली नाहीत तर रात्रीच्या गारठ्यात वेल करपतात. बाकीच्या गावात हे काम मोटार करते. या दोघींकडे अजून हातानं फिरवायचं हँडल होतं.

"सोडून द्या माझी," ओकबुन एकदा म्हणाली होती. "तुमची कंबर कामातून जाईल."

"मग बसून काय करू? तुझ्यासारखी लोळत पडू?"

"लोळून बघा. बरं वाटतं."

पहिलं फळ आणल्यानंतर काही दिवसांनी, फेब्रुवारीच्या शेवटी, एके सकाळी वारा उत्तरेचा होता. वॉर्डात शिरताच नर्सनं मालसुनला दाराशीच थांबवलं. "आजी, आज घरी जाऊ नका. मुलाला फोन केलाय. निघालाय तो."

ओकबुनचा चेहरा एका रात्रीत आत गेला होता. श्वास मध्येच थांबायचा, मग जणू आठवण झाल्यासारखा पुन्हा सुरू व्हायचा. मालसुन स्टूल ओढून बसली आणि तिनं ओकबुनचे पाय चोळायला घेतले. पाय थंड होते. टाचांच्या भेगांत अजून शेतातली माती होती.

दुपार झाली. ओकबुननं डोळे उघडले, खिडकीकडे पाहिलं.

"ऊन उतरलं. अजून इथेच?"

"आज राहते."

"आणि पांघरुणं?"

"मरू देत ती पांघरुणं."

"असं म्हणू नका हो." तिला एकेका शब्दाला दम लागत होता. "पिकत आलीत. आज गारठा पडणार. हाडं सांगतायत माझी."

"तुझी हाडं काय काय सांगतील. गप पड."

"जा जाऊबाई. गिह्वान येतोय ना. झाकून या. मी आहे इथेच."

मालसुन उठली, पुन्हा बसली. दुसऱ्यांदा उठली तेव्हा ओकबुनचे डोळे मिटलेले होते. तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली, स्वतःचा लोकरीचा रुमाल तिच्या पायांवर टाकला आणि मागे न बघता बाहेर पडली.

गावात उतरली तेव्हा उजेड पिवळट झाला होता. घरी न जाता ती सरळ शेतात गेली. आधी ओकबुनची पॉलिहाऊसं घेतली. पहिली झाली. शेवटच्या पॉलिहाऊसचं पांघरूण अर्ध्यावर आलं असताना खिशातला फोन वाजला. हँडल सोडलं असतं तर ते वजनदार पांघरूण वेलांवर कोसळलं असतं. तिनं हँडल सोडलं नाही. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. आत मधमाश्या पेटीकडे परतत होत्या. ती हँडल फिरवत राहिली. फोन कशासाठी ते तिला कळलं होतं. पांघरूण टोकाला लागलं, तिनं दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली. ती सरीत खाली बसली, वेलांच्या मध्ये, अंधारात.

मग उठून तिनं स्वतःची पॉलिहाऊसं झाकली.

हॉस्पिटलच्या तळघरातल्या अंत्यविधीच्या दालनात फोटोसमोर पांढरी शेवंती ठेवली होती. फोटो कुठल्याशा लग्नातला होता. ओकबुनच्या ओठांना लिपस्टिक होती आणि ती ओळखू येत नव्हती. गावची माणसं तिखट रस्सा आणि भात खात होती, दारू ओतत होती. गिह्वान काळ्या सुटात मालसुनच्या शेजारी येऊन बसला.

"मोठी आई, मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं."

"हं."

"शेवटी एकटी होती."

मालसुननं मान खाली घातली.

"नर्स म्हणाली, आई सारखं विचारत होती, झाकलं का, झाकलं का. त्या पोरीला काय कळणार? ती आपली चादरच नीट करत राहिली." त्याचा आवाज फाटला. "फळांसाठी गेलात तुम्ही. फळांसाठी!"

आजूबाजूचे चमचे थांबले. तिनंच जा म्हटलं होतं, हे मालसुनच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. "माझं चुकलं, बाळा," ती म्हणाली. "जेव थोडं. कधीचा उपाशी आहेस."

तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. माती झाल्यावर जाताना म्हणाला, "जमीन विकून टाकतो. वेल आता उपटून टाका, मोठी आई. कोण करणार?"

"विक. जमीन तुझी आहे," ती म्हणाली. "एवढी धरलेली फळं काढते आणि मग उपटते."

मार्चमध्ये तिनं ओकबुनची फळं तोडली. एकटीनं धुतली, पाण्यात बुडालेली, म्हणजे आतून पाणी धरलेली, बाजूला काढली, तरंगणारी पुसून खोक्यांत भरली. शेजाऱ्याच्या टेम्पोतून ती लिलावाला घेऊन गेली. नोंद घेणाऱ्या तरुणानं खोक्यांवर नजर टाकली.

"बेक सांगदोक. बरोबर?"

खोक्यांवर तेच छापलेलं होतं. ओकबुनचा नवरा. तो गेल्यानंतरही दरवर्षी फळं त्याच्याच नावानं विकली जात. बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं, ओकबुनलासुद्धा.

"खोड ते," मालसुन म्हणाली.

"मग तुमचं घालू, आजी?"

"माझी नाहीत फळं."

"मग कुणाची?"

तिनं तोंड उघडलं आणि ती अडखळली. एवढ्या वर्षांत ती तिला 'अगं' म्हणाली होती, 'गिह्वानची आई' म्हणाली होती, भांडणात आणखीही काय काय म्हणाली होती. नावानं एकदाही हाक मारली नव्हती.

"सोक ओकबुन," ती माहेरच्या आडनावासकट म्हणाली. जिभेला ते परक्यासारखं लागलं.

तरुणानं मार्कर पुढे केला. तिनं एकेका खोक्यावर वाकून छापील नाव खोडलं आणि शेजारी मोठ्या, वाकड्या अक्षरांत नवं लिहिलं. मागची माणसं खोळंबली, कुणीतरी चुकचुकलं. तिनं एकही खोकं सोडलं नाही.

लिलाव सुरू झाला. पुकारणारा एका दमात नावं आणि भाव म्हणत पुढे सरकत होता, शब्द एकमेकांवर आपटत होते. त्या गलक्यात तो म्हणाला, "सोक ओकबुन!" व्यापाऱ्यांनी बोटं वर केली. कुणी मान वळवली नाही.

"हो," मालसुन हळूच म्हणाली.

"आजी, वाट द्या," मागून हातगाडीवाला ओरडला. ती बाजूला सरकली आणि खोकी तिच्यासमोरून निघून गेली.