मोरावरचा शेवटचा थर

"शेंदूर उघडो ठेवू नको गो, वरसून लाख दी. शिसा आसता तेच्यात, पोटात गेला तर विष," रंगकाम शिकवताना हरिश्चंद्रकाकांनी बजावलं होतं. लाखेने रंगाचा मखमलीपणा जातो, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं.

जामसंड्यात माझं पहिलं एकल प्रदर्शन भरलं. थरावर थर, सोनेरी वेलबुट्टी आणि सगळ्यात वर शेंदूर. दुपारी माझ्या दीड वर्षाच्या गौरजाने एका चित्रावर हात फिरवला आणि तोंडाकडे नेला. बोटं केशरी झाली होती! मी झडप घालून तिचा हात धरला, धुतला, पुन्हा धुतला.

मग आठवलं, मोराचं छोटं चित्र सकाळीच एका बाईने नेलं होतं. तिच्या कडेवर दात येणारं बाळ होतं.

"पाळण्यार लावतंय. रंगीत दिसला काय हात मारता तो," ती म्हणाली होती.

"मगे मोराक जपा हां," मी हसले होते.

नाव विचारायचं राहिलं. मिठबावची, एवढंच कळलं.

सगळी चित्रं मी उतरवली आहेत. मिठबावात कुणाच्या पाळण्यावर शेंदरी मोर दिसला, तर तो काढायला लावा. पण आधी त्या बाळाची बोटं बघा, आणि त्याला डॉक्टरकडे न्यायला सांगा.