गाठीची हाक

कात्रीने कापलेल्या बोटाला पट्टी बांधून आई शिलाई मशीनपाशी एका शर्टाची कॉलर उसवत बसली होती. मायलेकींचा तो शेवटचा साधासुधा दिवस.

लेक कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. आईच्या पोटातल्या गाठीबद्दल तिने इतकं वाचलं होतं, की आई तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायची.

“डॉक्टरीणबाई, ते सलाईनमधलं औषध काय करतं, पुन्हा सांग बघू.”

“गाठ वाढली की आतल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही. मग त्या एक प्रथिन सोडतात. ते शेजारच्या रक्तवाहिनीला लागलं की तिला फांद्या फुटतात आणि गाठीकडे वळतात. औषध ते प्रथिन वाटेतच पकडतं.”

“म्हणजे थेट तुझी आत्याच! जागची हलायची नाही, बसल्या बसल्या हाका मारून चहा मागवायची.”

दोघी हसल्या.

“आणि मेलं हे बोट का भरत नाही?”

“जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात, आई. औषध त्यांनाही अडवतं.”

लेक रोज पट्टी सोडायची, आणि लालभडक चीर तशीच दिसली की तिच्या जिवात जीव यायचा. जखम उघडी, म्हणजे गाठ उपाशी. बोटावरून गाठीचं काही कळत नाही, हे डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. असा तर्क एखाद्या विद्यार्थ्याने लिहिला असता, तर तिने त्यावर लाल काट मारली असती. पण हातात दुसरं होतं काय?

त्याच संध्याकाळी आईच्या पोटात कळ आली आणि ती मशीनवरच वाकली. गाठीतून आत रक्तस्राव होत होता. हॉस्पिटलातल्या स्कॅनमध्ये गाठ पोटभर पसरलेली दिसली.

“पण जखम तर अजून भरलेली नाही!” लेक डॉक्टरांवर जवळजवळ ओरडलीच.

“एक निरोप अडवला तर गाठ दुसरा धाडते,” डॉक्टर हळूच म्हणाले. “आता करण्यासारखं काही उरलेलं नाही.”

आईने डोळे मिटले होते. नर्सने खुर्ची पुढे सरकवली. “बोला त्यांच्याशी. ऐकू येत असेल.”

लेक वाकली. “आई, कधी कधी पेशी दुसरंच प्रथिन सोडतात, आणि मग...”

पुढचं तिला सगळं पाठ होतं. तिने ते तिथेच सोडलं. आईचा श्वास अडखळला, पुन्हा सुरू झाला.

“मला खूप भीती वाटतेय गं, आई,” ती म्हणाली. “मला तू हवी आहेस.”