सावकाशची फेरी

"बाबा, पट्टा लावा. आणि आरशात बघू नका सारखं, मागून कुणी येणार नाहीये," लेक म्हणाली.

त्याने पट्टा लावला, तळहात पँटला पुसले. समोर पोस्टाचा चौक होता. सिग्नल बंद, दुकानांपुढे काँक्रीटचे कठडे, कठड्यांवर जाळी आणि जाळीमागे माणसंच माणसं. याच रस्त्यावर त्याने सव्वीस वर्षं बस चालवली होती. डेपोत त्याला 'सावकाश' म्हणत. त्याच्या गाडीचा काटा पन्नासच्या पुढे गेलेला कुणी पाहिला नव्हता.

आज शहरातल्या याच रस्त्यांवर मोटारींची शर्यत होती आणि शर्यतीच्या रस्त्याची जबाबदारी लेकीकडे होती. सुरुवातीआधी गाडीतून अख्खी फेरी मारायची आणि रस्ता ठीक आहे असं कळवायचं, हे इंजिनिअर म्हणून तिचं काम. गाडी चालवणाऱ्याला सकाळपासून उलट्या होत होत्या, म्हणून तिने बापाला बोलावलं. दुसरं कुणी मिळालंच नसतं असं नाही, हे त्यालाही कळत होतं.

चार महिने त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. भर रस्त्यात त्याच्या बसचं मागचं चाक निखळलं होतं. बस दुभाजकावर कलली, एका बाईंचा हात मोडला. चौकशीत दोष वर्कशॉपचा निघाला. तरी याने स्वतःहून डेपोतलं टेबलाचं काम मागून घेतलं. का, ते बायकोलाही सांगितलं नाही.

"किती वेगाने न्यायची?"

"सरळ रस्त्यावर एकशे वीस. मी रस्ता बघते, तुम्ही गाडी बघा."

"डेपोत कळलं तर नाव बदलतील माझं."

पहिल्या वळणाला त्याने फारच आधी ब्रेक दाबला. कोर्टाच्या वळणावर कठडा इतका जवळून गेला की त्याने अंग चोरलं. मग पूल आला. पुलाच्या उंचवट्यावर उभे प्रवासी एकमेकांवर पडू नयेत म्हणून तो वर्षानुवर्षं ब्रेकवर पाय ठेवत आला होता. आज मागे कुणी उभं नव्हतं. त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. गाडी क्षणभर हलकी झाली आणि पुढचं वळण हातांनी आपलं आपणच घेतलं. हॉस्पिटलच्या वळणावर तर त्याला गंमतही वाटू लागली.

नदीकाठच्या सरळ रस्त्यावर काटा एकशे वीसला टेकला आणि मागच्या डाव्या चाकाखाली 'टक्' झालं.

त्याने वेग कमी केला. "वाजलं काहीतरी."

"मला नाही ऐकू आलं."

"गटाराचं झाकण आहे. सुटलंय."

"सगळी झाकणं वेल्ड करून घेतलीत, बाबा. काल एकेक तपासलंय मी."

वॉकीटॉकीवर मुख्य अधिकारी विचारत होते, "रस्ता मोकळा का? अकरा मिनिटं राहिलीत."

शर्यतीच्या गाड्या जमिनीला चिकटून धावतात. सैल झाकण त्यांच्या वेगाने उचललं जातं आणि मागच्या गाडीवर आदळतं. हे तिनेच त्याला कधीतरी जेवताना सांगितलं होतं. पण नुसत्या आवाजावरून शर्यत थांबवायची?

त्याने गाडी कडेला उभी केली.

"त्या दिवशी पण वाजलं होतं," तो म्हणाला. "चाक निखळायच्या दोन थांबे आधी. मी ऐकलं, आणि म्हटलं, डेपोत गेल्यावर सांगू. चौकशीत हे बोललो नाही मी. तुझ्या आईलाही नाही."

लेकीने वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "रस्ता मोकळा नाही. नदीकाठचं एक झाकण तपासायचंय."

"काय दिसलं?"

"दिसलं नाही. ड्रायव्हरने ऐकलं."

"ऐकलं?"

"हो. जबाबदारी माझी."

दोघं चालत मागे त्या झाकणापाशी गेली. झाकण चांगलं घट्ट दिसत होतं. ती त्यावर उभी राहिली, टाच आपटली. काही हललं नाही. जाळीमागून कुणीतरी शिट्टी मारली. त्याची कानशिलं गरम झाली, पण तो गुडघ्यांवर बसला आणि कडेकडेने बोटं फिरवत गेला.

"इथे बघ."

वेल्डला केसाएवढी चीर होती. तिने तिथे कडेला गाडीतली पहार लावून जोर दिला, तसं काड्कन उरलेलं वेल्डही तुटलं आणि झाकणाची एक बाजू वर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने लांब श्वास सोडला आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

वेल्डर आला. शर्यत पस्तीस मिनिटं लांबली, लोकांनी आरडाओरडा केला. त्या झाकणावरून त्याने तीनदा गाडी नेली. तिसऱ्यांदा काच खाली करून.

"गप्प बसलं," तो म्हणाला.

अधिकाऱ्यांच्या तंबूत परतल्यावर लेक अहवाल भरू लागली. "दोष कुणाच्या लक्षात आला, त्याचा हुद्दा लिहायचाय. काय लिहू? क्लार्क?"

"ड्रायव्हर लिही." तो थोडा थांबला. "उद्या डेपोत जाऊन ते सांगून टाकतो. काय व्हायचं ते होऊ दे. त्या बाईंनाही भेटून येईन."

"मी येऊ का बरोबर?"

"बाईंकडे ये. डेपोत माझा मी जाईन."

ती कागद देऊन परत आली तेव्हा शर्यत सुरू झाली होती. गाड्यांच्या आवाजाने तंबूचं कापड थरथरत होतं, बाहेर सगळे टाचा उंचावून बघत होते. बाप मात्र घडीच्या खुर्चीत, मान एका बाजूला टाकून, गाढ झोपला होता. तिने आपल्या कानांवरचे, आवाज अडवणारे मफ काढले आणि त्याला जाग येणार नाही अशा बेताने त्याच्या कानांवर बसवले.