म्हातारबाच्या गोळ्या

कुत्र्याचं पिलू हागून हागून पार चिपाड झालं होतं. त्याचा भाऊ आदल्या दिवशीच याच आजाराने गेला. मी रडले नाही, फरशी पुसली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विषाणूने आतडी सोलवटून काढलीत, पोटातले चांगले जंतूही गेलेत. सलाईन चालूच ठेवू, जोडीला निरोगी कुत्र्याची शी पाण्यात कालवून, गाळून, मागच्या वाटेने आत सोडू. कधी कधी पोट त्याने लवकर सावरतं. एरवी मी तोंडाला पदर लावून हसले असते. घरात म्हातारबा होताच, आमचा थोरला कुत्रा, लसी घेतलेला, दगडही पचवणारा. त्याला एवढ्यात काही औषध दिलंय का, असं बाईंनी विचारलं. नवरा ठामपणे नाही म्हणाला.

शी गाळून पिचकारीत भरली, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला. "गेलेल्या पिलाच्या गोळ्या उरल्या होत्या. म्हातारबाला लागण नको, म्हणून त्याला दिल्या. वाया कशाला घालवायच्या?"

आमच्याकडे उरलेलं औषध टाकत नाहीत, कुणाच्या तरी घशात घालतात. त्या गोळ्यांनी म्हातारबाच्या पोटातलेही चांगले जंतू मारले असणार, असं म्हणत बाईंनी पिचकारी रिकामी केली. करायला गेला एक आणि झालं भलतंच.

दुसरा धडधाकट कुत्रा होता जावेकडे. वाटण्या झाल्यापासून आमचं बोलणं बंद. तिच्याकडे कधी चिमूटभर मीठ मागितलं नाही, आणि आता मागायचं काय, तर शी. एरवी मेले असते पण तिच्या दारात गेले नसते. त्या दिवशी लाजसुद्धा वाटली नाही.

जावेने सगळं ऐकून घेतलं. "थांब, चप्पल घालते," म्हणाली, आणि कुत्र्याला घेऊन स्वतःच आली. बाईंनी त्याला तपासलं, औषधांचं तिला दोनदा विचारलं, मगच कामाला लागल्या.

दोनेक दिवसांनी पिलू उठलं, पाणी प्यायलं, ओकलं नाही. नवरा हुंदके देऊन रडला. मी वाटी विसळून ठेवली.

पिलाला घरी नेताना त्याने हळूच विचारलं, "अजून रागावलीयस?"

"राग आला असता तर भांडले असते."

"मग भांड ना," तो म्हणाला.

मला तेही जमेना.